पोयाइसची एक डॉलरची नोट

[दृश्य: काळ्या कापडावर जुनी, पिवळी पडलेली नोट]

ही नोट शापित आहे. शाप आम्ही रचलेला, हे आधीच सांगून टाकतो. नोटा मात्र खरोखर छापल्या गेल्या होत्या.

शाप असा, की ही नोट जो खिशात बाळगेल त्याचं घरदार जाईल, पोटची मुलं जातील, आणि तरीही ज्यानं ती दिली त्याला तो नाव ठेवणार नाही.

[दृश्य: जुन्या लंडनची चित्रं]

या नोटा काढणारा ग्रेगर मॅकग्रेगर मूळचा स्कॉटलंडचा. दक्षिण अमेरिकेतला स्वातंत्र्यसेनानी सिमॉन बोलिव्हार याच्या बाजूनं व्हेनेझुएलाच्या स्वातंत्र्ययुद्धात लढून जनरल झालेला. म्हणजे अगदीच तोतया नव्हे, आणि तिथंच लोक फसले. १८२० मध्ये त्यानं मध्य अमेरिकेतल्या मॉस्किटो किनाऱ्याच्या राजाकडून जमिनीची सनद मिळवली. मग लंडनला येऊन त्या रानाला ‘पोयाइस’ नावाचा देश करून टाकलं आणि स्वतः त्याचा ‘कासिक’, म्हणजे अधिपती झाला. राजधानी, बँक, सैन्यातल्या हुद्द्यांची विक्री, सगळा कारभार कागदावर. १८२२ मध्ये या देशाच्या नावानं लंडनच्या बाजारात दोन लाख पौंडांचं कर्जसुद्धा काढलं!

तिकडे राहायला निघालेल्यांनी गाठीचे पौंड मोजून पोयाइसचे डॉलर घेतले. एडिंबरोच्या एका मोच्याला तर पोयाइसच्या राजकन्येचे जोडे शिवायचं पद मिळालं होतं.

[दृश्य: समुद्र, मग दाट झाडी]

दोन जहाजांतून सुमारे अडीचशे माणसं पोचली. शहर नव्हतं, बंदर नव्हतं. पाऊस सुरू झाला, तापाची साथ पसरली. त्या मोच्यानं स्वतःवर गोळी झाडून घेतली. उरलेल्यांना जवळच्या ब्रिटिश वसाहतीत, बेलीझला हलवलं, पण निम्म्याहून अधिक माणसं दगावली.

आता शापाचं मूळ ऐका. परतलेल्यांपैकी काहींनी लेखी जबानी दिली: दोष मॅकग्रेगरचा नाही, त्याच्या हाताखालच्यांचा. परतलेल्यांतल्या जेम्स हेस्टीची दोन मुलं या प्रवासात दगावली होती. मॅकग्रेगरची बाजू घेणाऱ्यांत तोही होता. आम्ही कल्पनेनं फार काही जोडलेलं नाही.

शापात एक पळवाट मात्र ठेवावी लागली: नोट काढणाऱ्याला तो लागत नाही. कारण मॅकग्रेगरनं पुढे पॅरिसमध्ये हाच धंदा मांडला, खटला चालला, १८२६ मध्ये निर्दोष सुटला. शेवटी व्हेनेझुएलानं त्याला निवृत्तिवेतन दिलं. १८४५ मध्ये काराकासला वारला, तेव्हा लष्करी इतमामात त्याचा दफनविधी झाला.