घाणा उतरताना : गड्ड्यावरच्या वड्याची कढई

[दृश्य : होम मैदान, संध्याकाळ. आकाशपाळण्याचे दिवे, खाली कढईची वाफ.]

जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची मिरवणूक निघते, संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात, आणि मग सोलापूर गड्ड्याकडे, म्हणजे होम मैदानावरच्या जत्रेकडे वळतं. आकाशपाळणा, मौत का कुवा, ब्रेक डान्स... पाळण्यातून उतरलेला माणूस आधी कढई शोधतो. मराठीत ‘दोन वडे’, कन्नडमध्ये ‘एरडू’, तेलुगूत ‘रेंडू’. कढईवरच्या माणसाला तिन्ही कळतं.

पण हा वडा दुपारीच ठरलेला असतो.

[दृश्य : स्टॉलच्या मागे, मोठं पातेलं.]

दहा किलो बटाटे, सालीसकट उकडलेले. साल काढून उकडले तर पाणी पितात, आणि पाणी प्यालेला बटाटा वड्यात टिकत नाही. थंडीत बाजारात नवा बटाटा येतो. दिसायला छान, पण चिकट. त्याचं सारण लगदा होतं. म्हणून जाणता स्टॉलवाला थोडा महाग पडला तरी जुना बटाटा घेतो. उकडल्यावर परातीत पसरायचा, वाफ जाऊ द्यायची, मग हातानेच फोडायचा. दाताखाली फोड लागली पाहिजे.

दहा किलोला पाव किलो लसूण, साडेतीनशे-चारशे ग्रॅम हिरवी मिरची, आलं, मोहरी, हिंग, कढीपत्ता, हळद. कोथिंबीर धुऊन कापडावर पूर्ण सुकवलेली. ओली टाकली की सारण पाझरतं. ऐंशी ग्रॅमचा एक गोळा धरला, तर एकशेदहा-पंधरा वडे होतात. गोळे पूर्ण गार हवेत. घाईत गरम गोळा तळला, की आतल्या वाफेने आवरण फुटतं, सारण तेलात सांडतं आणि पुढचा अख्खा घाणा काळ्या कणांनी माखतो.

[दृश्य : बेसनाची परात, वरून पडणारं कडकडीत तेल.]

याच गोळ्यांना दोन किलो बेसन लागतं, पाणी सव्वादोन लिटरच्या आसपास. पीठ बोटावरून सलग ओघळावं, थेंब-थेंब तुटू नये. वरून पळीभर कडकडीत तेलाचं मोहन. सोडा चिमूटभरच. जास्त पडला तर वडा फुगतो खरा, पण तेल पितो, आणि सोड्यामुळे हळद लालसर पडते. लाल रंगाचा, हलका, तेलकट वडा दिसला की समजावं, सोडा चढलाय.

[दृश्य : कढई, जवळून. भट्टीभोवती पत्रा.]

आता खरी परीक्षा. मैदान उघडं, जानेवारीचा वारा, आणि ज्योत एका बाजूला झुकते. भट्टीभोवती लावलेला हा पत्रा त्याचसाठी. गर्दीत गॅस सतत मोठा ठेवला की एकोणीस किलोचा सिलिंडर बाहेरून गारठतो, आतला दाब उतरतो, ज्योत बसते. अनुभवी लोक दोन सिलिंडर जोडून घेतात, म्हणजे एकावर ताण येत नाही.

पिठाचा थेंब तेलात टाकायचा. तळाशी बसून राहिला तर तेल गार. पडताक्षणी काळा झाला तर जास्त तापलं. किंचित बुडून लगेच फुलून वर आला, तर वडे सोडायचे. एकशे सत्तर ते एकशे ऐंशी अंश, पण इथे थर्मामीटर नाही, डोळा आहे.

एका वेळी पंधरा. रांग वाढली म्हणून पंचवीस सोडले, की तेल गार पडतं, वडा तेल पितो आणि गिऱ्हाईकाच्या हातातला कागद पारदर्शक होतो. या कढईवर रांग कितीही ओरडली तरी पंधराच. चार मिनिटं. झाऱ्याने उलटणं एकदाच. प्रत्येक घाण्यानंतर तळाचा चुरा गाळून काढणं, आणि पुढच्या घाण्याआधी तेल पुन्हा तापू देणं. हा अर्ध्या मिनिटाचा दम बघा. तो धरणारा कारागीर आहे, आणि त्याला तसंच म्हटलं पाहिजे.

[दृश्य : प्लेट. वडा, तळलेली मिरची, शेंगा चटणी.]

सोबत सोलापुरी शेंगा चटणी. भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, मीठ; उखळात कुटलेली. कुटताना दाण्याचं तेल सुटतं, म्हणून ती ओलसर, चमकदार दिसते.

[दृश्य : रात्र. गर्दी ओसरलेली.]

तेल गार झालं की कापडातून गाळतात. तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात वाढणारे ‘पोलर’ घटक २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायला मनाई आहे, २०१८ पासून. वर्तमानपत्रात वडा बांधायलाही मनाई. गडद झालेलं, फेस धरणारं तेल इथे वेगळ्या डब्यात जातं.

शेवटी कढईचा काठ. तेलाचा करपलेला काळा थर तिथेच बसतो आणि दुसऱ्या दिवशी नव्या तेलात सुटतो. तो आत्ताच, कढई कोमट असताना घासायचा.