वीतभर बोर्डावरचा उजेड

श्रोतेहो, नमस्कार.

घरात संत्री असतील तर त्यातलं एक घ्या. सध्या आंबिया बहाराची संत्री बाजारात आहेत, त्यामुळे नागपूरच्या घरात टोपली रिकामी असेल असं वाटत नाही. ते संत्रं खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवा, खोलीतला दिवा बंद करा, म्हणजे उजेड एकाच बाजूनं पडेल. मी बोलतो तोवर अधूनमधून त्याच्याकडे बघत राहा.

मी तैलरंगात काम करतो. माझी चित्रं लहान असतात, ८ बाय १० इंचाची, म्हणजे साधारण वीतभर. विषय दोनच. एक तर स्वयंपाकघरातून उचलून आणलेल्या वस्तू, नाहीतर समोर बसलेलं माणूस. मोठं चित्र का काढत नाही, असं लोक विचारतात. मोठ्या कॅनव्हाससमोर मी तीन-चार महिने काढले आहेत, आणि प्रत्येक वेळी असं झालं की पहिल्या दिवशी जे पाहून चित्र सुरू केलं होतं ते दहाव्या दिवशी आठवणीतून रंगवत होतो. वीतभर बोर्ड तीन तासांत भरतो. जे दिसलं ते दिसत असतानाच उतरवता येतं.

आता संत्र्याची साल बघा. तिच्यावर सगळीकडे बारीक खळगे आहेत हे आपल्या बोटांना ठाऊक असतं. पण डोळ्यांना ते सगळीकडे दिसतात का? उजेडाच्या बाजूला साल जवळजवळ गुळगुळीत वाटते. सावलीत खळगे बुडून जातात. ठळक दिसतात ते मधल्या पट्ट्यात, जिथे उजेड संपत आलाय आणि सावली अजून धरलेली नाही. तिथे उजेड सालीवर तिरका, घासत पडतो, म्हणून एकेका खळग्याला स्वतःची इवलीशी सावली मिळते. हा पट्टा जेमतेम बोटभर रुंद असतो. मला तो दिसायला बरीच वर्षं लागली. तोवर मी अख्ख्या संत्र्यावर टिपके देत होतो आणि संत्र्याला देवी आल्यासारख्या वाटायच्या. आता त्या बोटभर पट्ट्यात आठ-दहा टिपके देतो, उरलेली साल बघणाऱ्याची नजर पुरी करते.

सावलीसाठी काळा रंग घेऊ नका, हे शिकणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो. काळ्यानं नारिंगी मळतो. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात किंचित अल्ट्रामरीन निळा घातला की सावली गडद होऊनही उबदार राहते. आणि अगदी तळाशी, संत्रं स्टुलाला टेकतं त्याच्या जरा वर, पुन्हा थोडा उजेड दिसेल. तो खालच्या स्टुलावरून परत आलेला असतो. तो दिला नाही तर संत्रं कागदाच्या चकतीसारखं सपाट पडतं.

फ्रान्समध्ये एदुआर माने नावाचे चित्रकार होते. १८८० मध्ये त्यांनी अ‍ॅस्परॅगसची जुडी रंगवली; ही आपल्या शतावरीच्या कुळातली भाजी. ठरले होते ८०० फ्रँक, चार्ल्स एफ्रुसी या घेणाऱ्यानं पाठवले १०००. मानेंनी मग जेमतेम वीतभर लांबीचं आणखी एक चित्र करून पाठवलं. त्यात एकच दांडी, संगमरवरी टेबलाच्या कडेला ठेवलेली. जुडीतली एक राहून गेली होती, असा निरोप सोबत होता. ही गोष्ट सगळे त्यातल्या गंमतीसाठी सांगतात. मला मात्र ती दांडी दिसते. भाजी करड्या पांढऱ्या रंगाची, खालचं टेबलही तसंच, आणि तरी दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत हे कळतं. इटलीत बोलोन्याला जॉर्जो मोरांदी (१८९० ते १९६४) घरातल्या त्याच त्या बाटल्या, बरण्या, डबे जागा बदलून बदलून वर्षानुवर्षं रंगवत राहिले. त्यांना विषय कमी पडला असं मला कधी वाटलं नाही.

तैलरंगाबद्दल थोडं सांगतो, कारण विदर्भाच्या माणसाला ते जवळचं आहे. या रंगातलं तेल म्हणजे जवसाचं तेल. आपण ज्याची चटणी खातो तेच जवस. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. सुरुवातीच्या काळात पैसे वाचवायला मी घाण्यावरचं कच्चं तेल रंगात सढळ हातानं घातलं. वरची साय धरली, आतला रंग ओलाच राहिला, आणि साय आकसून पृष्ठभागावर सुरकुत्या पडल्या. महिनोन्‌महिने चित्र चिकट होतं, गल्लीतली सगळी धूळ त्यावर बसली. त्यात माझ्या आत्याचा चेहरा होता. आत्या त्यानंतर गेली, तो चेहरा मला पुन्हा समोर बसवता आला नाही. तेव्हापासून शुद्ध केलेलं तेल, तेही थेंबानं, आणि खालच्या थरात कमी, वरच्या थरात जास्त, हा नियम मी मोडलेला नाही.

उजेडाचंही आपलं गणित वेगळं आहे. युरोपातली पुस्तकं सांगतात, खिडकी उत्तरेची हवी, तिच्यातून ऊन येत नाही, उजेड दिवसभर एकसारखा राहतो. पण नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, २१ अंशांवर आहे. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत माझ्या उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ सरळ ऊन येतं. मग मी पांढरा सुती पडदा लावतो आणि कामाच्या वेळा बदलतो. खरं काम हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत.

याच दिवसांत बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगा येतात, त्यातल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची भाजी घरोघरी होते. माझी आई शेंगा सोलायला खिडकीपाशी बसते. तिला चित्रासाठी बस म्हटलं की ती ताठ होते, पदर सारखा करते, चेहऱ्यावर फोटोतला भाव आणते. शेंगा हातात असल्या की ती विसरते. म्हणून मी शेंगा आणतो. अर्धा किलो शेंगांना साधारण तास लागतो, तेवढी माझी बैठक.

वीतभर बोर्डावर डोकं येतं ते तीनेक इंचांचं. संत्रं मी खऱ्या मापाचं काढतो, तेही जवळपास तेवढंच. तिचा चेहरा पहिल्यांदा बोर्डावर आखला तेव्हा हे माझ्या लक्षात आलं आणि मी ब्रश खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो. मग तिच्याकडे तसं बघायला लागलो, जसं संत्र्याकडे बघतो. सुरकुत्या तिच्या सगळ्या चेहऱ्यावर आहेत हे मला जन्माचं ठाऊक. पण खिडकीकडच्या गालावर त्या जवळजवळ नव्हत्याच. सावलीतल्या गालावर बुडाल्या होत्या. दिसत होत्या त्या गालाच्या हाडाखाली, उजेड वळतो त्या अरुंद पट्टीत. मी तिथे तीन रेषा ठेवल्या. बाकी सगळ्या सोडल्या.

डोळे मी शेवटी करतो. हे मी नागपूरच्या महाल भागात, चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत शिकलो, लहानपणी गणपतीच्या आधी तिथे तासन्‌तास उभा राहायचो. मूर्ती पूर्ण रंगून झाली की मगच कारागीर डोळ्यांच्या आखणीला हात घालायचे. नवशिका चित्रकार डोळ्यांपासून सुरुवात करतो आणि मग सगळा चेहरा त्या डोळ्यांना जुळवत बसतो. आईचे डोळे तर चष्म्यामागे, शिवाय खाली शेंगांकडे वळलेले. पापणीची एक गडद कड आणि काचेवर खिडकीचा निळसर तुकडा, एवढंच दिसत होतं. एवढंच काढलं.

मध्येच तिनं मान वर केली. ‘काहून रे, एवढं काय पाहून राहिला?’

मी म्हटलं, ‘काही नाही, सोल तू.’

शेंगा संपल्यावर ती उठून बोर्डाशी आली. चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, ‘माझी आई अशीच बसायची.’ स्वतःबद्दल काही बोलली नाही. सोले घेऊन आत गेली.

ते चित्र आता भिंतीला टेकवून ठेवलंय, वाळतंय. वार्निश लावायला निदान सहा महिने थांबावं लागेल. कानाजवळची सावली मला अजून पटलेली नाही, तिथे उजेड केसांवरून परत येतो तो चुकलाय. त्यासाठी ती आणखी एकदा बसायला हवी. शेंगा आणून ठेवल्या आहेत.

नमस्कार.