फळी पायाची, चाक रस्त्याचं

नमस्कार श्रोतेहो.

शाळेला सुट्टी लागली की पोरं बॅट मागतात, सायकल मागतात आणि आता स्केटबोर्डही मागतात. आपल्या सोलापुरात नवी पेठेत दुकानात गेलात तर दोन बोर्ड समोर येतात. एक झगझगीत चित्राचा, स्वस्त. दुसरा तिप्पट किमतीचा आणि दिसायला जवळजवळ तसाच. वडील म्हणतात, दोन्हीला चारच चाकं आहेत की! बरोबर आहे, पण पैसे काढण्याआधी त्या चाकाला अंगठ्याचं नख लावा. नख किंचित रुतलं आणि चाक दाबल्यावर दबलं, तर ते मऊ युरेथेनचं, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकचं. नख घसरलं आणि टिचकी मारल्यावर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला, तर ते कडक प्लॅस्टिक. ते घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. आधी चाक बघायचं. चित्र सगळ्यात शेवटी.

या चाकाची गोष्ट सांगायलाच हवी. ती कळली की बोर्डाचं निम्मं गणित सुटतं.

गोष्ट कॅलिफोर्नियाची. समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन उभं राहायचा खेळ तिथे रुजलेला. पण लाट नसेल त्या दिवशी पोरांनी करायचं काय? १९५० च्या दशकात त्यांनी रोलर स्केट मोडले, त्यांची लोखंडी चाकं फळीखाली ठोकली आणि उतारावर निघाले. सोलापूरकरांना हे चित्र डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. गॅरेजवाल्याने टाकलेली बेअरिंगं मागून आणायची, फळीला ठोकायची आणि बेअरिंगची गाडी गल्लीभर पळवायची, हे आपल्याकडच्या पोरांनीही केलंय. तो आवाज आठवतो ना? दुपारी झोपलेलं माणूस दचकून उठावं असा. लोखंड रस्त्याला धरत नाही, नुसतं घासत जातं. वळायला गेलं की घसरतं.

साठच्या दशकात लोखंडाच्या जागी क्ले व्हील आली, म्हणजे मातीच्या मिश्रणाची चाकं. ती मुळात रोलर स्केटिंगच्या रिंकसाठी होती, गुळगुळीत लाकडी जमिनीवर गोल गोल फिरायला. तीच रस्त्यावर उतरवली. त्यांच्या कडा झडायच्या. बेअरिंगमधल्या गोळ्या सुट्या असायच्या, त्या निसटून रस्त्यावर सांडायच्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खडा. हरभऱ्याएवढा खडा चाकापुढे आला की चाक जागीच अडायचं. चाक अडलं, बोर्ड थांबला, पण वर उभा असलेला पोरगा कसा थांबणार? तो पुढे फेकला जायचा, हात टेकायचा आणि मनगट जायचं. अनेक शहरांनी रस्त्यावर स्केटबोर्डला बंदी घातली. १९६५ संपता संपता हा धंदा बसला. आलं आणि गेलं, असंच लोक म्हणाले.

मग १९७० साल. व्हर्जिनिया राज्यातलं पर्सेलव्हिल नावाचं लहान गाव. तिथे एका मित्राच्या वडिलांचा प्लॅस्टिकचा कारखाना होता, आणि फ्रँक नॅसवर्दी नावाचा एक तरुण तो बघायला गेला. कारखान्यात रोलर स्केटची चाकं पडलेली होती, युरेथेनची. भाड्याने स्केट देणाऱ्या रिंकवाल्यांसाठी ती केलेली, नवशिक्यांचे पाय घसरू नयेत म्हणून. मुरलेले स्केटर मात्र त्यांना नाकं मुरडायचे. लाकडी जमिनीवर ती हळू चालायची, जमीन सोडायलाच तयार नसायची.

नॅसवर्दीने ती चाकं आपल्या जुन्या बोर्डाला लावली आणि रस्त्यावर उतरला. रिंकवाले ज्याला खोड म्हणत होते, ती जमीन धरून ठेवायची सवयच डांबरावर कामाला आली. बोर्ड वळताना घसरेना. खडा आला की चाक थोडं दबायचं, खड्याला पोटात घ्यायचं, त्याच्यावरून जायचं आणि पुन्हा गोल व्हायचं. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढची सगळी निवड यावरच आहे: कडक चाक खड्याला अडतं, मऊ चाक खड्यावरून जातं.

पुढे तो कॅलिफोर्नियाला गेला. तिथली पोरं अजून त्याच मातीच्या चाकांवर मनगटं मोडून घेत होती. १९७२ च्या सुमारास त्याने स्वतःची चाकं विकायला काढली आणि नाव ठेवलं कॅडिलॅक, त्या ऐटबाज मोटारगाडीसारखी मऊ चाल असते म्हणून. दुकानदारांनी आधी फारसं मनावर घेतलं नाही. पण एका पोराने लावली, दुसऱ्याने पाहिली, तिसऱ्याने मागितली, आणि काही वर्षांत मातीचं चाक बाजारातून गेलंच. पाठोपाठ सुट्या गोळ्यांच्या जागी बंद बेअरिंग आलं.

तेवढ्यात, १९७६-७७ साली, कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला. दुष्काळ म्हणजे काय ते आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. पाणी जपायचं म्हणून लोकांनी बंगल्यांमधले पोहण्याचे तलाव कोरडे ठेवले. तळाशी गोल वळण घेऊन वर जाणाऱ्या त्या गुळगुळीत भिंती पोरांनी पाहिल्या, आणि युरेथेनची चाकं घेऊन ती भिंतीवर चढली. मातीच्या चाकावर हे जमलंच नसतं. आज ऑलिम्पिकमध्ये पार्क नावाचा जो स्केटबोर्डचा प्रकार दिसतो, त्याचे खड्डे त्या कोरड्या तलावांवरूनच आले. जाता जाता एक बोलून ठेवतो. मुलांना खेळायला कोट्यवधींचं संकुल लागत नाही. आपल्या प्रत्येक प्रभागात चाळीस फूट बाय वीस फूट गुळगुळीत काँक्रीटचा एक चौकोन, वर सावली आणि शेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ, एवढं झालं तरी पुष्कळ आहे. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या लहानशा खेड्यात २०१५ पासून काँक्रीटचा स्केटपार्क आहे. खेड्यात होतो, तर शहरात का होऊ नये?

असो. चाकाकडे परत येऊ.

युरेथेनचा कडकपणा 'ए' या मापात मोजतात आणि तो आकडा चाकावरच छापलेला असतो. ९९ए ते १०१ए म्हणजे कडक, स्केटपार्क आणि गुळगुळीत फरशीसाठी. ७८ए ते ८५ए म्हणजे मऊ, खडबडीत रस्त्यासाठी. होटगी रोड घ्या की विजापूर रोड घ्या, डांबरावर बारीक खडी आणि कडेला काळ्या मातीची धूळ असतेच. आपल्याला ७८ए ते ८०ए, आणि चाकाचा व्यास ५६ ते ६० मिलिमीटर. बाहेरगावच्या दुकानात तयार बोर्डाला बहुतेक ५२ मिलिमीटर, ९९ए असं चाक लावलेलं असतं. ते गुळगुळीत जमिनीवर उड्या मारणाऱ्यांसाठी. पुन्हा सांगतो: आपल्या रस्त्याला मऊ आणि मोठं चाक. मऊ आणि मोठं.

चाक रस्ता बघून घ्यायचं, फळी मात्र पाय बघून घ्यायची. फळीची रुंदी इंचात सांगतात. साधारण आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला सात ते सव्वासात इंच, नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला साडेसातच्या आसपास, त्यापुढे आणि मोठ्यांना आठ ते सव्वाआठ, नऊ नंबरच्या पुढचा बूट असेल तर साडेआठ. आपल्याकडे गणवेश वाढत्या मापाचा घ्यायची पद्धत आहे. कपड्याला ते चालतं, एक टीप घातली की झालं. बोर्डाला ते चालत नाही. आठ वर्षांचं पोर साडेआठ इंची फळीवर उभं केलं की त्याची टाच आणि चवडा दोन्ही कडांपर्यंत पोचत नाहीत. कडेवर वजनच पडत नाही, मग बोर्ड वळत नाही. पोर म्हणतं मला जमत नाही, आणि बोर्ड माळ्यावर जातो. फळी मेपल लाकडाच्या सात थरांची असावी. दोन टोकांवर ठेवून मधोमध दाबली तर किंचित लवून परत यावी, कुरकुरू नये.

फळीखाली धातूचे जे दोन आडवे भाग असतात त्यांना ट्रक म्हणतात. ट्रकच्या दांड्याची एकूण लांबी फळीच्या रुंदीइतकी हवी, पाव इंच इकडे-तिकडे चालेल. ट्रकमध्ये दोन रबरी गिट्ट्या असतात, त्यांना बुशिंग म्हणतात. बोर्ड किती सहज वळतो ते बुशिंग ठरवतं. तयार ट्रकला ९०ए च्या आसपास येतं, ते साठ-सत्तर किलोच्या माणसाला ठीक. पंचवीस-तीस किलोच्या मुलाला ते दगडासारखं लागतं. त्याला ८५ए च्या आसपासचं घालून द्या. ऐंशी किलोच्या पुढे ९५ए.

आता जोडणी. जमिनीवर आपली सोलापुरी चादर चौघडी करून अंथरा, फळीला ओरखडा येत नाही. शेजारी स्टीलचं ताट ठेवा आणि सगळे नट, बोल्ट, वायसर त्यातच टाका, नाहीतर अर्धा तास कपाटाखाली बॅटरी मारण्यात जातो.

आधी ग्रिप टेप, म्हणजे खरखरीत काळा कागद. मागचं आवरण सोलून मधून कडेकडे दाबत न्या, हवा राहू देऊ नका. कडेवरून स्क्रूड्रायव्हरची दांडी किंवा कानस घासा, कड पांढरी पडते, त्या रेषेवर ब्लेडने कापा. मग आठही भोकं खालच्या बाजूने टोचून घ्या. ट्रक बसवताना दोन्ही ट्रकची बुशिंगं आतल्या बाजूला, एकमेकांसमोर आली पाहिजेत. एखादा ट्रक उलटा बसला तर तुम्ही डावीकडे झुकल्यावर तो उजवीकडे जायला बघतो.

चाक मोठं घेतलं म्हणून ट्रक आणि फळीच्या मध्ये रबराची चकती लागते, तिला रायझर म्हणतात. ५६ मिलिमीटरच्या चाकाला तीन मिलिमीटरची आणि सव्वा इंची बोल्ट. साठच्या चाकाला सहा मिलिमीटरची आणि दीड इंची बोल्ट. रायझर विसरलात तर वळताना चाक फळीला घासतं, क्षणात थांबतं आणि माणूस फेकला जातो. मातीच्या चाकाचा खडा आठवा, तोच प्रकार. बोल्ट आवळताना समोरासमोरचे, तिरके आवळा. नट फळीत रुतेपर्यंत पिळू नका.

बेअरिंगचा नंबर ६०८. आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरून २२, जाडी ७. हे आठ लागतात. यासाठी खेळाच्या दुकानात महागडी डबी घेऊ नका. पेटीवर एबेक सात, एबेक नऊ असं मोठ्या अक्षरात लिहितात, त्याच्या मागे मुळीच लागू नका, ते माप वेगाने फिरणाऱ्या यंत्रांसाठी आहे. सरळ बेअरिंगच्या दुकानात जा. ज्या गावाने यंत्रमाग चालवले त्या गावात बेअरिंगची पारख असलेली माणसं आहेत. "मालक, ६०८ टू-आरएस द्या," म्हणा. टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी झाकण. आपल्या धुळीला तेच हवं. पत्र्याच्या झाकणाचं बेअरिंग थोडं मोकळं फिरतं, पण धूळही मोकळी आत घेतं.

बेअरिंग हातोडीने ठोकू नका, आतल्या गोळ्यांची वाट लागते. ट्रकच्या दांड्यावर बेअरिंग ठेवा, वरून चाक ठेवा आणि अंगाच्या वजनाने दाबा. मध्ये स्पेसरची नळी असेल तर ती आधी आत टाका, मग दुसऱ्या बाजूचं बेअरिंग. चाकाच्या आत एक वायसर, बाहेर एक वायसर, मग नट. नट पूर्ण आवळा आणि पाव फेरा मागे घ्या. चाक हाताने हलवलं तर अगदी नखभर चाल राहिली पाहिजे.

पान्याचं एक सांगतो. चाकाच्या नटाला १३ नंबरचा पाना चालून जातो. पण किंगपिनच्या, म्हणजे ट्रकच्या मधोमध बुशिंगमधून जाणाऱ्या मोठ्या बोल्टच्या नटाला १४ बसत नाही आणि १५ ढिला बसून नटाचे कोपरे गोल करतो. तो नट इंची मापाचा आहे, नऊ सोळांश. त्याच मापाचा पाना घ्या.

किंगपिनचा नट किती आवळायचा? सुरुवातीला बोल्टचं टोक आणि नटाची कड एका पातळीत आणा. मग बोर्ड चादरीवर ठेवून मुलाला उभं करा, चाकं पळत नाहीत. त्याला आळीपाळीने चवड्यांवर आणि टाचांवर झुकायला सांगा आणि तुम्ही खाली वाकून चाक आणि फळीतली फट बघा. फट मिटत असेल तर अर्धा फेरा आवळा. तो कितीही झुकला तरी फळी हलत नसेल तर अर्धा फेरा सोडा. एका वेळी अर्धाच फेरा.

हेल्मेट आणि मनगटाचे पट्टे बोर्डाच्या पैशातूनच बाजूला काढा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत सराव आटपा, आणि बोर्ड पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर उन्हात टाकू नका. टेपचा डिंक सुटतो, लाकूड वाकतं. पावसात भिजला तर बेअरिंग त्याच दिवशी काढा: रबरी झाकण सुईने अलगद उचलायचं, आतलं रॉकेलमध्ये धुवायचं, पूर्ण वाळवायचं, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाकायचे आणि झाकण परत दाबायचं. खोबरेल नको, थंडीत गोठतं.

नवीन बोर्डाचे बोल्ट पहिल्या दोन दिवसांत हमखास ढिले पडतात, कारण लाकूड आणि रायझर दबून बसतात. तिसऱ्या दिवशी आठही बोल्टांना पुन्हा पाना लावा.

नमस्कार.