आधी ओढू नका

खडकाच्या फटीत अडकलेला माणूस दिसला की आपला हात आपोआप पुढे जातो. मनगट धरायचं आणि ओढायचं. हे मी स्वतः केलेलं आहे, त्यामुळे सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

एका सुळक्यावरच्या चिमणीत, म्हणजे माणूस आत शिरून चढू शकेल एवढ्या उभ्या फटीत, माझ्या जोडीदाराचा उजवा गुडघा फटीत रुतला. आम्ही दोघं वरून दहा मिनिटं त्याला उपसत होतो. तो ओरडतोय, आम्ही ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणतोय आणि तिकडे गुडघा सुजत चाललाय. खालून आमचे एक वडीलधारे सहकारी चढून आले आणि म्हणाले, “सोडा रे त्याला.” त्यांनी दोर ताठ करून त्याला हार्नेसवर, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांवर बसवलं, पायावरचा सगळा भार काढला, पाणी पाजलं. मग सॅकमधली खोबरेल तेलाची बाटली त्याच्या पँटीत वरून रिकामी केली आणि पाय हळूहळू सरळ करायला लावला. वाकलेल्या गुडघ्याभोवतीचे स्नायू ताठ होऊन फुगतात, पाय सैल सोडून सरळ केला की तोच गुडघा बारीक होतो. दोन मिनिटांत सुटला. पॅंटीला महिनाभर वास येत होता, ते सोडा.

छाती अडकली तर गोष्ट वेगळी. निमुळत्या फटीत माणूस श्वास सोडतो तेव्हा छाती बारीक होते आणि तो बोटभर खाली घसरतो. पुढचा श्वास घ्यायला तेवढी जागा कमी. घाबरला की श्वास जोरात, म्हणजे घसरणंही जलद. म्हणून पहिला दोर वर काढण्यासाठी नसतो, आणखी खाली जाऊ न देण्यासाठी असतो. काखेतून पट्टा, पट्ट्याला दोर, दोर भक्कम अँकरला, म्हणजे खडकात पक्क्या केलेल्या आधाराला. एवढं झालं की मग विचार करायला वेळ मिळतो.

वेळ काढता येतो, याचं मलमपुळा हे उत्तम उदाहरण. केरळात पालक्काड जिल्ह्यात, फेब्रुवारी 2022. तेवीस वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर डोंगरावर गेला आणि घसरून उभ्या कड्यातल्या एका कपारीत जाऊन अडकला. बसण्यापुरती जागा, खाली दरी. मोबाईल जवळ होता म्हणून त्याने स्वतःचे फोटो पाठवले. तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर आलं, पण कड्याजवळ जाता येईना. शेवटी तमिळनाडूतल्या वेलिंग्टनहून मद्रास रेजिमेंटचे आणि बंगळुरूहून पॅराशूट रेजिमेंटचे जवान आले. ते रात्रीच डोंगर चढले आणि 9 तारखेला सकाळी एक जवान वरून दोरावर त्याच्यापर्यंत उतरला. त्याने आधी काय केलं? पाणी पाजलं. चाळीस तासांहून जास्त वेळ त्या मुलाच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मग त्याला हार्नेस चढवला, स्वतःला जोडून घेतलं आणि वरच्यांनी दोघांना मिळून ओढलं. ओढणं सगळ्यात शेवटी!

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या हंटर व्हॅलीचं, ऑक्टोबर 2024. तिथे गिर्यारोहण वगैरे नव्हतं. एका तरुणीचा फोन दोन शिळांमधल्या सुमारे तीन मीटर खोल फटीत पडला आणि तो काढायला गेलेली ती डोकं खाली होऊन आत घसरली. बाहेरून दिसत होते फक्त तळवे. बचाव पथकाने तिचे पाय धरून खेचण्याऐवजी आजूबाजूचे धोंडे एकेक करून हलवले. त्यातला एक पाचशे किलोचा. तो विंचने, म्हणजे दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने सरकवला, उरलेलं सगळं तिच्यावर कोसळू नये म्हणून लाकडाची चौकट उभी केली आणि मग वळणावळणाने तिला बाहेर काढली. सात तास लागले, अंगावर फक्त ओरखडे. फोन आतच राहिला.

उलटं लटकणाऱ्याला मात्र सगळ्यांत कमी वेळ असतो. पोटातले अवयव फुप्फुसावर येतात, डोक्याकडे उतरलेलं रक्त परत फिरवताना हृदय दमतं. अमेरिकेत युटातल्या नटी पटी गुहेत 2009 च्या नोव्हेंबरात एक तरुण असाच डोकं खाली होऊन रुतला. पुल्या लावून त्याला थोडा वर आणलाही होता, पण खडकातला अँकर निसटला आणि तो पुन्हा आत गेला. सत्तावीस-अठ्ठावीस तासांनी त्याचा मृत्यू झाला. गुहा कायमची बंद करण्यात आली. आपल्याकडचा बसाल्ट वरून टणक दिसतो, पण ठोकून पाहा, कित्येक ठिकाणी पोकळ वाजतो. तिथे एका अँकरवर माणूस टांगायचा नाही. दोन तर पाहिजेतच, जमलं तर तीन.

आणि पाय कित्येक तास दगडाखाली दाबला गेला असेल, तर तो धोंडा उचलण्याआधी डॉक्टर गाठा. चेचलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात उतरलं की हसत-बोलत असलेला माणूस सुटकेनंतर कोसळू शकतो. हे ऐकून नवख्यांना धक्का बसतो, मलाही बसला होता.

बास, बोलणं पुरे. आता सराव. ते दोन बाक जवळ आणा, एक वीतभर फट ठेवा. हार्नेस तिथे कोपऱ्यात आहेत. ज्याने आज मिसळीवर दोन पाव जास्त खाल्लेत, त्याने आधी आत जायचं.