वीतभर मोकळी जागा

(दृश्य: उघडी डिकी, बाजूला जमिनीवर सामानाचा ढीग)

हे एवढं सगळं आज या एका गाडीत जायचंय, कारण दुसरी गाडी नाहीये. दोन मोठ्या सुटकेस, घडीचं टेबल, टेबलफॅन, दोन कुंड्या, एक इस्त्री, एक फोमची गादी, आणि पुस्तकांचा हा बॉक्स जो उचलताना माझा मित्र आत्ताच म्हणाला की यात काय दगड भरलेत का. शिवाय त्या बारक्यासारक्या वस्तू ज्या सगळ्यात शेवटी उरतात आणि मग जागा दिसेल तिथे कोंबल्या जातात.

आपण गाडी कशी भरतो तर जे हाताला लागेल ते आधी आत. मग वरून पिशव्या, मग पिशव्यांच्या फटीत चपला, आणि शेवटी डिकी धाडकन आपटायची, लागली की भरणं झालं. मी कित्येक वर्षं असंच केलंय आणि काही झालं नाही, म्हणजे एकदा सोडून.

ते एकदाचं सांगतोच. उतार होता, पुढे सिग्नल लाल झाला, मी ब्रेकवर पाय टाकला आणि पेडल अर्ध्यात अडकलं. खाली जाईचना. शेजारच्या सीटवर टाकलेली स्टीलची पाण्याची बाटली मधल्या एका वळणावर घरंगळत खाली आली होती आणि नेमकी पेडलच्या मागे जाऊन बसली होती. हँडब्रेक ओढला, गाडी कशीबशी थांबली, पुढच्या गाडीत आणि माझ्यात हातभर अंतर उरलं. नंतर मी ती बाटली हातात घेऊन पाच मिनिटं नुसता बसून होतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्याने एवढी मोठी गाडी थांबू दिली नाही.

(दृश्य: मागच्या काचेखालच्या ट्रेवर ठेवलेली इस्त्री)

आता ही इस्त्री बघा. मित्राने ती मागच्या काचेखालच्या ट्रेवर ठेवली, कारण तिथे जागा होती. दीड किलोची वस्तू. गाडी ५० च्या स्पीडने चाललीये म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर, आणि गाडीबरोबर इस्त्रीही १४ मीटरनेच चाललीये, फक्त ती बसून असल्यासारखी दिसते. गाडी कशावर तरी आदळली तर गाडी थांबते, आपण पट्ट्यामुळे थांबतो, इस्त्रीला कोणी थांबवलेलं नाही म्हणून ती त्याच स्पीडने पुढे येते. तिच्या वाटेत काय असतं ते तुम्हाला माहितीये, मागून दिसतात ती डोकी. हाच स्पीड एखादी वस्तू दहा मीटरवरून खाली टाकली की जमिनीला टेकताना मिळतो, तिसऱ्या मजल्यावरून डोक्यात इस्त्री पडावी तसं.

आणि लागताना तिचं वजन दीड किलो राहत नाही. हा हिशोब शाळेतल्याच गणिताचा आहे, वस्तू किती अंतरात थांबते त्यावर सगळा खेळ. ५० च्या स्पीडने येणारी वस्तू २० सेंटीमीटरमध्ये थांबवायची म्हटली तर तिच्या वजनाच्या जवळपास ५० पट जोर लागतो. दीड किलोची इस्त्री म्हणजे ७५ किलो. अख्खा माणूस.

आता पुस्तकांचा बॉक्स, वजन केलं आम्ही, २० किलो भरला. याचा जोर त्याच हिशोबाने हजार किलोच्या आसपास जातो, आणि तो डिकीत असल्यामुळे आधी आदळणार मागच्या सीटच्या पाठीवर. इथे आजच्या सगळ्या गोष्टीतला मुद्दा येतो, जरा नीट ऐका.

(दृश्य: बॉक्स आणि सीटची पाठ, मधलं अंतर, त्यात हाताची वीत)

बॉक्स आणि सीटच्या मध्ये ही वीतभर जागा सुटलीये बघा. धडक बसल्यावर गाडीचं नाक चुरगळतं, अर्धा-पाऊण मीटर आत जातं, आणि तेवढ्या अंतरात गाडी थांबते. बॉक्स जर सीटला आधीपासूनच टेकलेला असेल तर तोही गाडीबरोबर त्याच अंतरात हळूहळू थांबतो, साधारण ६० सेंटीमीटर धरले तर जोर पडतो वजनाच्या १६ पट, म्हणजे ३२० किलो. पण मध्ये वीत सुटली की ती वीत पार होईपर्यंत बॉक्सला कोणी अडवतच नाही, तेवढ्यात गाडीचा स्पीड उतरलेला असतो, बॉक्सचा नाही, आणि मग तो जोरात येऊन आदळतो. बॉक्स तोच, गाडी तीच, फरक फक्त मधल्या मोकळ्या जागेचा.

सीटच्या पाठीची यासाठी टेस्टही होते. युनायटेड नेशन्सचा रेग्युलेशन क्रमांक १७ म्हणून नियम आहे, त्यात डिकीत १८ किलोचे दोन ठोकळे ठेवतात, एक फुटाचे चौकोनी, आणि मुद्दाम सीटपासून २० सेंटीमीटर लांब ठेवतात, म्हणजे तीच आपली वीत. मग ५० च्या आसपास स्पीडची धडक दाखवतात आणि बघतात की पाठ ठरलेल्या मर्यादेपेक्षा पुढे वाकते का. चांगलीच कडक टेस्ट आहे. पण दोन ठोकळे मिळून वजन होतं ३६ किलो. आमचा एकटा बॉक्स २० आणि सुटकेस एकेक अठरा-वीस, म्हणजे आम्ही टेस्टच्या आकड्याच्या पुढे कधीच गेलो, आणि कुंड्या तर अजून बाहेरच आहेत.

त्यात सीटची पाठ नीट लॉक झाली नसेल तर टेस्ट वगैरे सगळं राहू द्या. घडी घालता येते त्या पाठीवर वरच्या कडेला खटका असतो, कित्येक गाड्यांमध्ये त्याशेजारी लाल खूण असते, ती दिसत असेल तर लॉक लागलेलं नाही. आमचं दिसत होतं. चार महिन्यांपूर्वी पाठ पाडली होती, तेव्हापासून ती नुसती टेकून उभी होती आणि आम्ही आरामात फिरत होतो. पाठ हाताने धरून जोरात पुढे ओढून बघायची, एवढंच. मागे कोणी बसणार नसेल तर रिकाम्या सीटचे पट्टेसुद्धा लावून ठेवायचे, पाठीला तेवढाच आणखी एक आधार.

(दृश्य: सगळं सामान परत बाहेर)

तर सगळं परत बाहेर काढलं. मित्र वैतागला, म्हणाला, "अरे बसलं होतं की सगळं!" बसलं होतं, खरंय.

जड ते खाली आणि सीटला चिकटून. आधी पुस्तकांचा बॉक्स, डिकीच्या तळाशी, पाठीला टेकून, बरोबर मधोमध. त्याच्या दोन्ही बाजूंना सुटकेस आडव्या घातल्या, उभ्या ठेवल्या तर वळणावर कलंडतात. जड वजन मागच्या बंपरकडे ठेवलं की गाडी मागे बसते, नाक वर उचलतं, पुढच्या चाकांची पकड कमी होते, आणि स्टिअरिंग पुढच्याच चाकांना असतं. मग उरलेल्या फटी. या फटी चादरी, उशा, जॅकेट यांनी ठासून भरायच्या. एरवी कोंबणं वाईट असतं पण इथे कोंबायचंच आहे, फक्त मऊ सामान. बॉक्स दोन्ही हातांनी धरून हलवून बघितला, हलला नाही, तेव्हा पुढे गेलो.

खाली रबरी मॅट टाकली होती, तिचं काम वाटतं त्यापेक्षा मोठं आहे. करकचून ब्रेक लावला की सामानावर पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या ८० टक्क्यांएवढा जोर येतो, वळणावर बाजूला निम्म्याएवढा, सामान बांधण्याच्या युरोपियन स्टँडर्डमध्ये रस्त्यासाठी हेच आकडे धरतात. गुळगुळीत प्लॅस्टिकवर सुटकेस एवढ्या जोराला आरामात सरकते, रबरावर तिला सरकायला कष्ट पडतात.

इस्त्री ट्रेवरून उचलून पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवतात तिथे खाली. लहान पण जड वस्तूंना गाडीत त्याहून चांगली जागा नाही, पुढे सीटची पाठ, मागे सीटची बैठक, जाणार कुठे. ट्रेवर आता काहीही नाही, छत्रीसुद्धा नाही. डॅशबोर्डवर पण नाही, तिथे एअरबॅग असते आणि ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, वर ठेवलेली वस्तू थेट तोंडावर.

कुंड्या सीटवर ठेवायच्या असतील तर सीटबेल्टने बांधायच्या. हसू नका. तीन जागी धरणारा हा पट्टा १९५९ साली व्होल्वोच्या गाडीत आला, तो बनवणारा इंजिनिअर निल्स बोलिन त्याआधी विमानातून पायलटला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करायचा, म्हणजे अचानक बसणारे धक्के काय असतात ते त्याला पुरेपूर माहीत. माणसासाठी केलेला पट्टा आहे पण कुंडीला चालतो.

(दृश्य: डिकीतला कोपरा, लोखंडी कडी, पट्ट्याचं निळं लेबल)

आता बांधणं. डिकीच्या तळाशी कोपऱ्यात या लोखंडी कड्या असतात, लोक त्या वर्षानुवर्षं बघत नाहीत कारण त्या मॅटखाली किंवा फ्लॅपमागे दडलेल्या असतात. सामान बांधायचं ते यांना. बाजूच्या भिंतीवर प्लॅस्टिकचा हुक दिसतो तो पिशवी अडकवायला आहे, त्याच्यावर बऱ्याचदा किती किलो ते छापलेलंच असतं, त्याला वीस किलोचा बॉक्स बांधणं म्हणजे खुंटीला बैल बांधणं.

पट्टा रॅचेटवाला घ्यावा, खटक-खटक करत ताणला जातो तो. त्याच्यावर लेबल शिवलेलं असतं, निळं असेल तर पॉलिस्टर, आणि त्यावर एलसी, म्हणजे पट्टा किती जोर झेलू शकतो ते, लिहून पुढे एक आकडा असतो डेकान्यूटनमध्ये. घाबरायचं नाही, एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलो. लेबल फाटलेला किंवा कडेला कुरतडलेला पट्टा मी तरी वापरणार नाही. आणि ते रंगीबेरंगी रबरी दोर, दोन्ही टोकांना हुक असलेले, ते बांधायला अजिबात नकोत. रबर ताणलं जातं, म्हणजे जोर आला की सामानाला जायला जागा करून देतं, म्हणजे परत तीच वीत. शिवाय सुटला तर हुक डोळ्याकडे येतो.

टेबल लांब निघालं. मित्र म्हणाला, "डिकी थोडी उघडीच ठेवू, दोरीने बांधू." ही युक्ती सगळेच करतात. पण डिकी अर्धी उघडी ठेवून चालवलं की गाडीच्या मागे हवेचा जो भोवरा तयार होतो तो सायलेन्सरचा धूर आत ओढतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, चालवणाऱ्याला नुसती झोप आल्यासारखं वाटतं. शेवटी मागच्या सीटचा एक भाग पाडला, टेबल आडवं आत घातलं, टोक पुढच्या सीटच्या पाठीला टेकवलं, पट्ट्याने दोन कड्यांना आवळलं. ज्या बाजूला पाठ पाडली त्या बाजूला आता डिकी आणि माणसं यांच्यात भिंत नाही, त्यामुळे तिकडे सुटं काही ठेवलं नाही.

गादी राहिली. ती कॅरिअरवर टाकू आणि मी खिडकीतून हाताने धरतो, असा प्रस्ताव आला. म्हटलं हिशोब करू. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद गादी, पुढचा काठ जरा उचलला गेला की खालून वारा घुसतो. ८० च्या स्पीडला एवढ्या गादीवर ढोबळ ६० किलोचा उचल बसतो. ४० ला फक्त १५, कारण स्पीड दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. म्हणून गल्लीत छान बसलेली गादी हायवेवर उडते आणि हाताने धरणाऱ्याला ते उडाल्यावरच कळतं. छताला वजनाची मर्यादा असते ती वेगळीच, गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, पुष्कळ गाड्यांना ५० ते १०० किलोच्या मध्ये, आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. गादी दुसऱ्या फेरीत.

(दृश्य: ड्रायव्हरच्या दरवाजाचा खांब, टायरच्या हवेचा स्टिकर)

निघण्याआधी दोन गोष्टी. हवेचा स्टिकर बघा, त्यावर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा, मागच्या टायरचा फरक जास्त असतो, आणि आज आपली गाडी भरलेली आहे. दुसरं म्हणजे स्टिअरिंगच्या बाजूला हेडलाइट खाली-वर करायचं छोटं चाक. मागे वजन असलं की लाइट वर उचलले जातात आणि समोरच्याच्या डोळ्यात जातात, आपल्याला वाटतं तो उगाच डिपर मारतोय.

दहा-बारा किलोमीटरवर बाजूला थांबलो. हे मित्राला अजिबात पटलं नव्हतं, आत्ताच तर बांधलंय म्हणाला. डिकी उघडली, पट्ट्यावर बोट दाबलं तर ढिला. पट्टा सरकला नव्हता, खालच्या चादरी दबल्या होत्या. रॅचेट तीन खटके आणखी बसला. बॉक्स होता तिथेच, पाठीला टेकून, पण एका सुटकेसच्या बाजूला नवी फट पडली होती, तिच्यात मित्राने स्वतःच अंगातलं जॅकेट काढून कोंबलं.

पाण्याची बाटली दरवाजाच्या कप्प्यात होती. मी दोनदा बघितली.