‘कॅमेरा’ म्हणजे खोली

मराठी वृत्तपत्रांत एक शब्दप्रयोग दोन अगदी उलट अर्थांनी छापला जातो, आणि आजच्या विषयाला मला तिथूनच हात घालायचा आहे. ‘खटल्याची सुनावणी इन-कॅमेरा होणार’ अशी बातमी असली, तर तिचा अर्थ असा की न्यायालयाची दारे बंद राहतील आणि संबंधितांखेरीज कोणालाही आत प्रवेश मिळणार नाही. ‘शवविच्छेदन इन-कॅमेरा करण्यात आले’ अशी बातमी असली, तर मात्र तिचा अर्थ असा की शवविच्छेदनाचे चित्रीकरण झाले आणि पुढे कोणी शंका घेतली तर दाखवायला पुरावा आहे. पहिल्या बातमीत कॅमेऱ्याला मज्जाव आहे, दुसरीत तो सक्तीचा आहे. लॅटिन ‘इन कॅमेरा’ म्हणजे ‘खोलीत’, म्हणून कायद्याच्या दृष्टीने पहिला प्रयोग बरोबर आणि दुसरा चूक, हे खरे. पण कोठडीतील मृत्यूंच्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण करावे, अशी सूचना राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९५ साली राज्यांना केली आणि अशा चित्रीकरणाला बातमीदारांनी हाताशी असलेला शब्द लावला, यात मला फारसा गुन्हा दिसत नाही. लोक लावतील तो नवा अर्थ घेण्यापलीकडे ‘कॅमेरा’ या शब्दाने गेली दोन हजार वर्षे दुसरे काहीच केलेले नाही.

मूळ ग्रीक शब्द ‘कामारा’. त्याचा अर्थ खोली नव्हे, तर कमानीसारखे वाकलेले आच्छादन. बाबिलोनच्या श्रीमंत स्त्रिया ज्या झाकलेल्या गाड्यांतून देवळात जात, त्यांच्यासाठी ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने हाच शब्द वापरला आहे. आपल्याकडच्या छकड्याची टपवजा गाडी डोळ्यांसमोर आणली की पुरे. लॅटिनने तो उचलला तो घुमटाकार छतासाठी. असे छत कसे करावे हे वास्तुकार विट्रुवियसने कृतीसह सांगितले आहे: आधी वक्राकार लाकडी फासळ्या टांगायच्या, मग चेचून घेतलेले बोरू दोरीने त्यांना बांधायचे, आणि खालून गिलावा चढवायचा. थोडक्यात, रोमन ‘कामेरा’ ही आपल्या कुडाच्या भिंतीची आकाशाकडे वळलेली बहीण होती. सम्राट नीरोने आईला मारण्यासाठी मोडकळ्या जहाजाची योजना केली, त्या प्रसंगात ‘कामेरा’ कोसळून ती मरावी असे शब्द येतात, तेव्हा तो जहाजावरच्या कक्षाच्या छताबद्दल आहे. छताचे नाव छताखालच्या जागेला लागायला मग वेळ लागला नाही. ‘छत्र हरपले’ म्हणताना आपण तरी छत्रीबद्दल कुठे बोलत असतो?

फ्रेंचमध्ये या शब्दाचे ‘शांब्र’ झाले. मधला स्वर गळाला, ‘म’ आणि ‘र’ शेजारी आले आणि त्यांच्यामध्ये कोणी न बोलावता ‘ब’ येऊन बसला. हे आपल्याला परके वाटायचे कारण नाही, कारण संस्कृत ‘आम्र’चा ‘आंबा’ आणि ‘ताम्र’चे ‘तांबे’ याच वाटेने झाले. ‘म’साठी ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकातून जात असते, ‘र’कडे जाताना नाकाची वाट ओठ उघडण्याच्या क्षणभर आधी बंद झाली की कानाला ‘ब’ ऐकू येतो. लॅटिन ‘नुमेरुस’चे फ्रेंच ‘नोंब्र’ होण्यामागेही हाच ‘ब’ आहे. ‘शांब्र’ नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडला गेला तेव्हा त्याचा ‘चेंबर’ झाला, आणि आयर्लंडला पोहोचल्यावर त्याचा ‘शोमरा’ झाला. आयरिश माणसासाठी ‘शोमरा’ म्हणजे कुठलीही साधी खोली, मग ती झोपायची असो वा वर्गाची.

आता माझा मुख्य मुद्दा. खोली हा अर्थ सगळीकडे पोहोचला, तरी प्रत्येक भाषेने हा शब्द कुठल्या तरी एका विशिष्ट खोलीसाठी घेतला, आणि त्या खोलीत जे काही चाले त्याचाच वास शब्दाला कायमचा लागला. मध्ययुगातल्या राजेरजवाड्यांचा खजिना त्यांच्या निजण्याच्या खोलीपाशी असे. म्हणून जर्मनमध्ये ‘काम्मर’ म्हणजे नुसती लहान खोली राहिली नाही, तर संस्थानाची तिजोरी झाली. नगराच्या कोषाध्यक्षाला जर्मनीत आजही ‘केमरर’ म्हणतात. प्रशियाच्या फ्रीडरिश विल्हेल्म पहिला या राजाने १७२७ साली हाले आणि फ्रांकफुर्ट अन डेर ओडर येथील विद्यापीठांत या ‘काम्मर’च्या विद्येची, म्हणजे राज्याचे उत्पन्न आणि कारभार यांच्या शास्त्राची, अध्यासने स्थापन केली. रोममध्ये पोपचा ‘कामेरलेंगो’ याच घराण्यातला. पोपचे निधन आणि नव्या पोपची निवड यांच्यामधल्या काळात चर्चची मालमत्ता आणि नित्याचा कारभार तोच सांभाळतो. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांच्या निधनाची वार्ता जगाला सांगणारे कार्डिनल फॅरेल याच पदावर होते. पोलंडमधला ‘कोमोर्निक’ मात्र आज न्यायालयाचा हुकूम घेऊन दारात उभा राहणारा, जप्ती करणारा अधिकारी आहे. दरबारच्या खोलीतून निघालेला हा शब्द शेवटी दुसऱ्याच्या खोलीत शिरला.

हंगेरियन भाषा युरोपातली असून लॅटिनच्या कुळातली नाही, पण तिने या शब्दाचे जे केले ते मला सर्वांत आवडते. तिथे ‘काम्रा’ म्हणजे धान्य, लोणची, मुरंबे ठेवायची कोठीची खोली. ‘कामारा’ म्हणजे व्यापाऱ्यांचा किंवा व्यावसायिकांचा मंडळवजा संघ. आणि ‘कामेरा’ म्हणजे चित्रीकरणाचे यंत्र. एकाच शब्दाची ही तीन रूपे, तीन वेळा घेतलेल्या उसनवारीच्या तीन पावत्यांसारखी, त्या भाषेने वेगवेगळी जपून ठेवली आहेत. रुमानियन भाषेतही जुनी ‘कमारा’ ही कोठीघर आहे आणि नवी ‘कामेरा’ ही खोली. रशियनने आणखी वेगळी दारे उघडली: तिथे ‘कामेरा’ म्हणजे तुरुंगातली कोठडी, आणि रेल्वे स्थानकावर सामान ठेवण्याची जागाही ‘कामेरा’च. कोठीघर आणि तुरुंग एका शब्दात कसे मावतात, असा प्रश्न ज्याला पडेल त्याने आपल्या संस्कृत ‘कोष्ठ’कडे पाहावे. त्यातूनच कोठा, कोठार, कोठी आणि कोठडी निघाली, शिवाय गणिताच्या वहीतले कोष्ठकही; आणि पोट बिघडले की वैद्य विचारतात तो कोठाही तोच.

फ्रान्स आणि इटलीत या शब्दाला झोपेचा वास आहे. फ्रेंच ‘शांब्र’ म्हणजे जिथे पलंग आहे ती खोली. बैठकीच्या खोलीला कोणी ‘शांब्र’ म्हणत नाही. इटलीतल्या हॉटेलच्या पावतीवर ‘कामेरा दोप्पिया’ असे लिहिलेले असते ते दोघांच्या खोलीसाठी, आणि तिथे आपले कॅमेरा शोधणे व्यर्थ आहे, कारण छायाचित्राच्या यंत्राला नेहमीच्या इटालियनमध्ये ‘माक्किना फोतोग्राफिका’ म्हणतात. ही झोपेची ‘कामेरा’ मोठ्या ‘सी’ने लिहिली की संसदेचे कनिष्ठ सभागृह होते, २०२० च्या घटनादुरुस्तीने त्याची सदस्यसंख्या ६३० वरून ४०० वर आणली. सायकलच्या चाकातली ट्यूब मात्र दोन्ही देशांत ‘हवेची खोली’च आहे. पोर्तुगालमध्ये ‘कामरा मुनिसिपाल’ म्हणजे नगराचा कारभार चालवणारी नगरपालिका, आणि पोर्तुगीज राजवटीत गोव्यातल्या नगरपालिकांचेही नाव हेच होते. ब्राझीलमध्ये त्याच दोन शब्दांचा अर्थ कायदे करणारे नगरसेवकांचे सभागृह असा होतो, आणि कारभार दुसऱ्याच कचेरीत चालतो. हिंदीतला ‘कमरा’ याच पोर्तुगीज शब्दाचा. आपण मराठी माणसांनी ‘खोली’ सोडली नाही.

मग खोलीचे यंत्र कसे झाले? अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडले की समोरच्या भिंतीवर बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा उमटते, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. अशा व्यवस्थेला ‘कामेरा ओब्स्कुरा’, म्हणजे ‘अंधारी खोली’, हे नाव खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने १६०४ च्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात वापरले. १६२० साली लिंझमध्ये त्याला भेटलेल्या हेन्री वॉटन या इंग्रज वकिलाने, म्हणजे राजदूताने, केप्लरच्या एका काळ्या तंबूचे वर्णन लिहून ठेवले आहे. तंबूत जेमतेम एक माणूस मावे. भोकात भिंग बसवलेली नळी होती, आत कागद पसरलेला होता, आणि कागदावर पडलेल्या दृश्याच्या रेषा केप्लर लेखणीने गिरवत असे. एक तुकडा पुरा झाला की पवनचक्कीसारखा तंबू थोडा फिरवायचा आणि पुढचा घ्यायचा. पुढे तंबूची पेटी झाली, माणूस बाहेर आला, आणि एकोणिसाव्या शतकात कागदाच्या जागी प्रकाशाची छाप धरणारा पत्रा आला. ‘मोबाइल फोन’मधला फोन गळून विशेषण उरले, इथे उलट झाले, ‘अंधारी’ गळाली आणि नुसती ‘खोली’ उरली. पोलिश आणि रशियन भाषांनी हे नवे नाव घेतले तेही अर्धेच: हलत्या चित्राच्या यंत्राला ‘कामेरा’, स्थिर छायाचित्राच्या यंत्राला ‘आपारात’. ऑक्सफर्डला मात्र १७४९ साली खुले झालेले ‘रॅडक्लिफ कॅमेरा’ हे भव्य घुमटाचे ग्रंथालय अजून जुन्या अर्थाला धरून आहे. घुमट पाहता, सर्वांत जुन्या अर्थालाही.

खोलीवरून माणसांची नावे पडली, ती वेगळीच कथा. स्पॅनिशमध्ये एका खोलीत राहणाऱ्या सैनिकांच्या टोळीला ‘कामारादा’ म्हणत. मग तो शब्द टोळीतल्या एकेकाला लागला, फ्रेंचमध्ये गेला, इंग्रजीत ‘कॉम्रेड’ झाला. गिरणगावात ज्यांनी ‘कॉम्रेड डांगे’ अशी हाक दिली, त्यांच्यातले कित्येक स्वतः चाळीतल्या एकाच खोलीत दाटीवाटीने राहत होते. त्यांना हा शब्द कुठल्या बराकीतून आला हे कोणी सांगितले असते, तर त्यांना हसू आले असते. त्याच स्पॅनिशमध्ये खोलीत सेवा करणारा ‘कामारेरो’ आज उपाहारगृहातला वेटर आहे.

आणि आपल्या मराठीत? ‘चेंबर’ म्हणजे वकिलाची खोली, ‘चेंबर’ म्हणजे व्यापाऱ्यांची संघटना, आणि पावसाळ्यात जे तुंबते व ज्याचे झाकण चोरीला जाते, ते रस्त्यातले विटांचे चौकोनी खळगेही ‘चेंबर’च. इंग्रजीच्या एका शब्दाला आपण दिलेले हे तीन वास आहेत, आणि तिसरा अगदी शब्दशः.

आरंभीच्या दोन बातम्यांकडे परत येतो. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात दोन कलमे लागून लागून आहेत. कलम ३६ नुसार साक्ष देताना बालकाला आरोपीसमोर उभे करायचे नाही, त्यासाठी न्यायालय पडदा लावू शकते किंवा दृक्‌श्राव्य यंत्रणेने जबाब नोंदवू शकते. कलम ३७ नुसार खटला चालवायचा तो ‘इन-कॅमेरा’. म्हणजे त्या न्यायालयाचे दार बंद असते, आई किंवा वडील मुलाजवळ बसलेले असतात, आणि त्या बंद ‘कॅमेऱ्या’त एक कॅमेरा चालू असू शकतो.