रोजी बुडवून काढलेली दाढ

(दृश्य: कापसाचं शेत, सकाळची वेळ. बाया ओळीनं वेचत पुढं सरकताहेत.)

नोव्हेंबर महिना. वर्धा जिल्ह्यात कापसाची वेचणी जोरात आहे. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, जितका कापूस तितकी मजुरी. त्यामुळे या दिवसांत अंगात कणकण असो की कंबर धरलेली असो, घरी कोणी बसत नाही. दाढ दुखते म्हणून तर नाहीच नाही.

या ओळीत एका मुलीनं दुपट्टा हनुवटीखालून घेऊन डोक्यावर घट्ट बांधलाय. वय २२. नाव आणि गाव सांगू नका, एवढंच तिनं आमच्याकडून कबूल करून घेतलं. उजवा गाल सुजलाय. खालची शेवटची दाढ, म्हणजे अक्कलदाढ, तिला मागच्या पावसाळ्यापासून छळते आहे.

(मुलाखत) "एक घास इकडून चावला की कानात ठणका मारते. मंग त्या दिवशी जेवनच नाई होत."

अक्कलदाढ साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षांदरम्यान येते. बाकीचे सगळे दात तोवर आपापल्या जागी बसलेले असतात. जबड्यात जागा उरली असेल, तर ही दाढ सरळ येते आणि कुणाला त्रास देत नाही. जागा नसेल, तर ती आडवी होते, पुढच्या दाढेला टेकते किंवा अर्धीच वर येऊन थांबते. तेव्हा हिरडीचं एक झाकण तिच्यावर राहतं. त्या झाकणाखाली भाकरीचा कण जातो, तुरीच्या डाळीचं साल जातं. ब्रश तिथवर पोचत नाही. अडकलेलं कुजतं, पू होतो, गाल सुजतो आणि तोंड उघडेनासं होतं. वरची दाढ त्या सुजलेल्या हिरडीवर चावत राहिली, तर दुखणं दुप्पट होतं.

गावात यावर पहिला इलाज म्हणजे लवंग. दुसरा, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. तीन दिवस घेतल्या की सूज उतरते आणि माणूस पुन्हा शेतात जातो. महिना-दोन महिन्यांनी दाढ पुन्हा डोकं वर काढते. गोळीनं संसर्ग दबतो, पण झाकण आणि आडवी दाढ जिथल्या तिथंच असते. तरीही गोळ्या घेणाऱ्यांना नावं ठेवायला आमचं मन होत नाही. गावात पाच मिनिटांत, रोजी न पाडता मिळणारा तोच एक इलाज आहे. खाजगी दवाखान्यात आडवी दाढ काढायची तर काही हजार रुपये लागतात. वेचणीच्या हंगामात ते बाजूला काढणं कुणाला जमतं?

मग सरकारी दवाखान्याचं काय? तिथं जायचं तर वाट माहीत हवी. ती आम्ही या मुलीसोबत चालून पाहिली.

(दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्राचा व्हरांडा.)

पहिला टप्पा प्राथमिक आरोग्य केंद्र. सरकारी निकषाप्रमाणे साधारण ३०,००० लोकसंख्येमागे एक, आदिवासी भागात २०,००० मागे एक. इथं बहुतेक ठिकाणी दातांचा डॉक्टर नसतो. पण म्हणून इथं जाणं वाया जात नाही. इथले वैद्यकीय अधिकारी सूज बघतात, औषध सुरू करतात, बीपी आणि साखर तपासतात आणि पुढं जायला चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी मागून घ्यावी. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना तिच्यामुळं आधी काय औषध दिलंय ते कळतं आणि पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागत नाही.

इथं तिला एक प्रश्न विचारला गेला, जो राज्याच्या इतर बऱ्याच भागांत क्वचितच विचारला जात असेल. "सिकलसेलची तपासणी झाली आहे का?" विदर्भात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. यात रक्ताच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. अशा रुग्णाला संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, अति वेदना, यातल्या कशानंही या आजाराचा तीव्र झटका येऊ शकतो. त्यामुळे दाढ काढायच्या आधी डॉक्टरला हे माहीत असायलाच हवं. मुलीची तपासणी कधी झाली नव्हती. बोटातून रक्त घेतलं, तपासणी झाली, आजार नाही असं निघालं. दाढेच्या निमित्तानं का होईना, ते कळलं. ज्यांच्याकडं सिकलसेलचं कार्ड आहे, त्यांनी ते दातांच्या डॉक्टरलाही न विसरता दाखवावं. गरोदर बाईनं, रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यानं, शुगर असलेल्यानंही आधीच सांगावं.

दुसरा टप्पा तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. साधारण ३० खाटांचं. इथं दंत शल्यचिकित्सक असू शकतात. 'असू शकतात' म्हणावं लागतं, याचं वाईट वाटतं. चित्रीकरणाच्या फिरतीत आम्ही एका ठिकाणी दातांची खुर्ची पाहिली, चांगली, चालू स्थितीतली. तिच्यावर प्लास्टिक घालून ठेवलेलं होतं. डॉक्टरांची जागा रिकामी होती. दुसऱ्या एका ठिकाणी डॉक्टर रोज वेळेवर येत होते, पण खुर्चीला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद पडला होता. त्यामुळे ते जेवढं हातानं करता येईल तेवढंच करत होते.

या मुलीचं नशीब चांगलं. तिच्या तालुक्याला डॉक्टर मॅडम होत्या, खुर्चीही चालू होती. मॅडमनी हिरडीच्या झाकणाखाली सलाईनचं पाणी मारून अडकलेलं सगळं बाहेर काढलं आणि पाच दिवसांचं औषध दिलं. सूज असताना दाढ का काढत नाहीत, हेही सांगितलं. पू असलेल्या जागी भुलीचं इंजेक्शन नीट काम करत नाही आणि तोंडही पुरेसं उघडत नाही.

या सगळ्याला पैसे लागले नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणी आणि औषधांपर्यंत सगळं मोफत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय, सगळीकडं. हे अजून कित्येकांना माहीत नाही. कोणी पैसे मागितले, तर पावती मागा.

मग आईनं मनातलं विचारलं.

(मुलाखत) "दाढ काढली की डोये जाते म्हन्ते सारे. पोरीचं लगन व्हाचं हाय अजून."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर चेहरा काढला. दातांना संवेदना देणारी नस वेगळी, डोळ्यानं दिसायला लावणारी नस वेगळी, दोन्ही मेंदूतून वेगवेगळ्या निघतात, हे रेघा मारून दाखवलं. दाढ काढल्यानं नजर जात नाही. धोका असतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. खालच्या दाढेच्या मुळाजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिला धक्का लागला, तर खालचा ओठ काही आठवडे किंवा महिने बधिर राहू शकतो, क्वचित कायमचाही. ती नस मुळापासून किती लांब आहे, हे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर, म्हणजे ओपीजीवर दिसतं. ते मशीन तालुक्याला नव्हतं. म्हणून चिठ्ठी लिहिली गेली नागपूरची.

(दृश्य: नागपूरच्या वाटेवरचा जाम गावाचा चौरस्ता. पहाटेचा अंधार, चहाची टपरी, एसटी थांबते.)

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ही सवलत दवाखान्याच्या प्रवासात किती कामाला येते, ते या बसमध्ये कळतं. मायलेकींच्या तिकिटाचे पैसे एका पूर्ण तिकिटाइतके झाले. पण दोघींची त्या दिवसाची रोजी गेली आणि ती कुठल्याच सवलतीत भरून निघत नाही.

नागपुरात 'मेडिकल', म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, म्हटलं की रिक्षावाला पुढं काही विचारत नाही. तिथंच शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, १९६८ मध्ये सुरू झालेलं. विदर्भातल्या गरीब माणसाला अवघड दाढ काढायची म्हटली, की नजर इथंच येते. वैद्यकीय शिक्षण खात्याच्या रुग्णालयात केसपेपर आणि एक्स-रेचं ठरलेलं शुल्क असतं, खाजगीच्या मानानं अगदी थोडं. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवावं, सवलत बसते का ते खिडकीवरच विचारावं. सकाळी लवकर पोचावं.

ओपीजीला तोंडाच्या आत फिल्म घालून ठेवावी लागत नाही. हनुवटी टेकवून उभं राहायचं, पुढच्या दातांनी एक छोटा तुकडा धरायचा. मशीन डोक्याभोवती फिरतं आणि काही सेकंदांत सगळा जबडा एका चित्रात येतो. त्या चित्रात मुलीची दाढ पुढच्या दाढेवर तिरकी कलंडलेली स्पष्ट दिसत होती. नस मुळापासून थोडी लांब होती. आईला ते बोट ठेवून दाखवलं गेलं.

प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असं नाही. सरळ आलेली, स्वच्छ राहणारी, न दुखणारी दाढ राहू द्यावी. पण परत परत सुजणारी किंवा पुढच्या चांगल्या दाढेला किडवणारी दाढ काढलेलीच बरी.

बाकावर शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं झालं. तिशीतला, भंडाऱ्याकडचा. त्याचीही अक्कलदाढच. पण त्याच्या तोंडात दोन बोटंही उभी जात नव्हती. निरोगी माणसाच्या साधारण तीन जातात.

(मुलाखत) "खर्रा खातो ना. पंधरा-सोळा वर्षाचा होतो तवापासून. आता भाकरीचा कुटका बी जात नाई."

सुपारी, तंबाखू, चुना. प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून दिला की झाला खर्रा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पूर्व विदर्भात पानठेल्यावर खर्रा डोळ्यांदेखत घोटला जातो. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी हळूहळू कडक होते, आत पट्टे तयार होतात आणि तोंड मिटत जातं. यातून पुढं कर्करोगही होऊ शकतो. त्याची दाढ काढायला हत्यार आत घालायचं तरी कसं, हाच डॉक्टरांपुढचा प्रश्न होता. खर्रा तोंडाची वाट अशी बंद करतो आणि मग साध्या दाढेचा इलाजही अवघड होऊन बसतो. हे पोरांना शाळेत असतानाच दाखवायला हवं, बोटं मोजून.

(दृश्य: शस्त्रक्रियेची खुर्ची, वरचा दिवा. मुलीचा हात आईच्या हातात, मग सुटतो.)

भुलीचं इंजेक्शन जबड्याच्या मागच्या बाजूला दिलं. डॉक्टर थोड्या थोड्या वेळानं विचारत राहिले, "ओठ जड झाला का?" झाला म्हटल्यावरच पुढचं काम. हिरडीला छोटी चीर दिली, दाढेवरचं थोडं हाड ड्रिलनं बाजूला केलं, वरून सतत पाणी चालू. आडवी दाढ अख्खी बाहेर येत नाही. ती मधून कापतात आणि दोन तुकड्यांत काढतात. मुलगी नंतर म्हणाली की दुखलं नाही, पण आवाज डोक्यात घुमत होता आणि जबडा कोणीतरी दाबतंय असं वाटत होतं. हे आधी सांगितलेलं असलं, की माणूस खुर्चीत घाबरून उठत नाही. शेवटी टाके.

पुढचे नियम सांगताना नर्स आईकडं बघून बोलत होत्या, ते बरोबरच होतं. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. थुंकायचं नाही, आलेली लाळ गिळायची. त्या दिवशी चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही ओढून प्यायचं नाही. खिचडी, दूध, दही चालेल, पण गरम नको. बाहेरून बर्फानं शेकायचं. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हलक्या गुळण्या. संसर्गावरची मेट्रोनिडाझोलची गोळी दिली असेल, तर दारू अजिबात नाही. थुंकू नका, असं एवढं का सांगतात? खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि तिच्याखाली जखम भरते. थुंकून, चूळ भरून, खर्रा खाऊन किंवा बिडी ओढून ती निघाली, तर हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी असह्य कळा सुरू होतात.

आणि सूज गळ्याकडं उतरली, गिळता येईना, श्वास अडकू लागला, जीभ वर उचलल्यासारखी झाली, तर सकाळची बस बघत बसू नका. १०८ ला फोन करा. दाढेचा पू गळ्यात उतरला, तर जीव जाऊ शकतो.

या दाढेला औषधाचा खर्च जवळपास आला नाही. खर्च झाला तो दोघींच्या रोजीचा. तालुक्याची खेप, नागपूरची खेप, घरी पडून राहिलेले दिवस, आणि हे सगळं वेचणीच्या ऐन हंगामात. उपजिल्हा रुग्णालयात ओपीजीचं मशीन असतं आणि महिन्यातून ठरलेल्या दिवशी शस्त्रक्रिया करणारे दंतवैद्य तिथं येत असते, तर यातली मोठी खेप वाचली असती. ग्रामीण रुग्णालयातली रिकामी जागा भरणं, बंद कॉम्प्रेसर दुरुस्त करणं, याला फार मोठी योजना लागत नाही. ग्रामसभेत रस्ता, पाणी, विजेबरोबर हाही विषय मांडता येतो. मांडायलाच हवा.

(दृश्य: पुन्हा तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. सातवा दिवस.)

टाके काढायला नागपूरला जावं लागलं नाही. चिठ्ठीवर तसं लिहून दिलं होतं. तालुक्याच्या मॅडमनीच ते काढले, काही मिनिटांत. मुलीचं तोंड आता पूर्ण उघडतंय.

ती खुर्चीवरून उतरली, तशी आई पुढं झाली.

(मुलाखत) "म्याडम, आता आलीच हाव त माहे बी दात पाहून घ्या."

आई नस लावते, म्हणजे तंबाखूची पूड. खालच्या ओठाच्या आत, जिथं ती रोज बोटानं दाबते, तिथं एक पांढरा चट्टा निघाला. मॅडमनी तो आरशात तिला दाखवला, वहीत त्याचं माप लिहिलं आणि नस आजपासून बंद करायला सांगितलं. पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचं, तोवर गेला नाही तर तुकडा तपासायला पाठवायचा. त्या दिवशी कोणता वार येतो, बाजार तर नाही ना, हे आईनं दोनदा विचारून घेतलं.